नदीला कसलं उधाण

सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये सकाळच्या चहाला आमचे साहेब खिशातून मोबाइल काढत, चष्मा कपाळावर चढवत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा एक आकडा म्हणत. "सहा." कधी "साडेसहा." एखाद्या दिवशी नुसतंच "पाच," आणि मग चहा तसाच टेबलावर. नव्या माणसांना वाटायचं, कुठल्या तरी लाइनचं प्रेशर असणार. एकानं तर तो आकडा इमानदारीत रजिस्टरला लिहूनही ठेवला होता.

तो आकडा वेल्समधल्या एका नदीच्या पाण्याच्या तापमानाचा होता. साहेबांची धाकटी बहीण त्या नदीकाठी राहते. रोज सकाळी ती गमबूट घालून पाण्यात उतरते, दोरीला बांधलेला थर्मामीटर दगडाआड धरते आणि भावाला आकडा पाठवते. बाकी मजकूर नाही. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. मला ही बाई फार कोरडी वाटायची. पुढं साहेब एकदा आजारी पडले, तेव्हा तिनं दिवसातून तीनदा आकडा पाठवला. मग मी माझं मत बदललं.

मी रत्नागिरीकडच्या एका खाडीवरचा. प्लांटमध्ये गॅस डिटेक्टर तपासायचं काम माझ्याकडे, आणि माझ्या वर हे साहेब. घर, बायको आणि शाळेत जाणाऱ्या मुली इथंच, आईबाप गावी. आमच्या सात पिढ्या मासे मारत आल्या, त्यामुळे मासे हा विषय निघाला की मी कुणाचं ऐकून घेत नाही. साहेबही घेत नाहीत. आमची गट्टी जमली ती या एकाच कारणानं, आणि भांडणं झाली तीही त्याच कारणानं.

साहेब मासे धरायचे ते खोट्या किड्यांनी. बारीक गळावर पिसं आणि केस दोऱ्यानं बांधून किडा बनवायचा आणि तो पाण्यावर असा टाकायचा की तिथला ट्राउट मासा फसला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा ड्रॉवर उघडला की आत शिंप्याचं दुकान दिसे. एकदा आम्ही पिकअपमधून येत होतो, तर भर रस्त्यात "थांबव, थांबव!" मला वाटलं गॅस गळती. साहेब उतरले, तारेच्या कुंपणाला उंटाचे केस अडकले होते ते दोन बोटांनी हळूच सोडवून घेतले आणि पाकिटात ठेवले. म्हणाले, "रंग बरोबर तोच आहे." मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

हा रंग ज्या किड्याचा, तो कॅडिस. त्याची हकिगत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हसलो, आणि नंतर घरी जाऊन बायकोला सांगितली. ही कीड वर्षभर नदीच्या तळाशी राहते. काड्या आणि वाळूचे कण लाळेनं चिकटवून अंगाभोवती एक नळीसारखं घर बांधते आणि ते घर ओढत फिरते. मग वसंतात एक दिवस येतो. घर तळाशी टाकून हजारो कॅडिस एकदमच वर येतात, पाण्यावर पंख उघडतात आणि उडतात. ट्राउट वेडे होतात. हे चालतं आठवडाभर, फार तर दहा दिवस. पण तो दिवस कुठला, हे कॅलेंडर सांगत नाही, हवा सांगते. पाणी दहा अंशांच्या आसपास येऊन दोन-तीन दिवस टिकायला हवं. वारा पडलेला हवा, नाही तर ओले पंख उलटे होतात. थोडं ढगाळ, उबदार असलं तर उत्तम. उत्तरेचा गार वारा सुटला की सगळे तळाशी चिडीचूप, आणि पूर आला तर खलास.

"आणि धरलेला मासा?" मी विचारलं होतं.

"सोडून देतो."

हे मी गावी फोन करून बावांना, म्हणजे माझ्या वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मग धरतो कशाला? पत्ता विचारायला?"

साहेबांचा तो दिवस चार वर्षं हुकत होता. इथं रजा महिना-महिना आधी मागावी लागते आणि मिळते मोजून एक आठवडा. एका वर्षी ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, पाण्यावर नुसते मेलेले पंख. एकदा ते परत निघाले आणि विमानतळावर असताना बहिणीचा निरोप आला: दहा. एकदा पूर होता. एकदा इथून सुटकाच झाली नाही. दर वेळी ते परत येऊन म्हणत, पुढच्या वर्षी. मी म्हणे, इन्शाअल्ला. आमचं हे ठरूनच गेलं होतं.

मग या फेब्रुवारीत एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गळ आणि दोरा माझ्यासमोर ठेवला. "जरा ओवून दे." मी ओवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी चेष्टेनं म्हणालो, "साहेब, आता चष्म्याचा नंबर वाढवा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की नंबरचा प्रश्न नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग मरत चालला आहे. समोर बघितलं की मधोमध एक राखाडी डाग दिसतो आणि तो मोठा होत जाणार. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, तिथल्यानंही तेच सांगितलं. पुढच्या वसंतापर्यंत बारीक काही दिसेलसं नाही.

"म्हणजे हाच वसंत," ते म्हणाले.

पाच-साडेपाच फूट उंचीचा, रोज सगळ्यांवर ओरडणारा माणूस, आणि त्याला हवं काय, तर नदीवर किडे उडताना बघायचेत. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली हे त्यांना कळू नये म्हणून मी उगाच चिडलो. म्हटलं, "मग आधी सांगायचंत ना! चार वर्षं काय करत होतात?"

रजेचं गणित असं होतं. एप्रिल संपता संपता प्लांटचं शटडाउन, म्हणजे दुरुस्तीसाठी बंद, होतं. त्याच्या आधीचे दोन आठवडे आम्हाला मोकळे, पण आम्हा दोघांपैकी एकानं प्लांटवर राहायलाच हवं. मुदीर साहेब, म्हणजे आमचे सौदी मॅनेजर, म्हणाले, "पहिला आठवडा एकानं घ्या, दुसरा दुसऱ्यानं. कोण कुठला, ते तुम्ही ठरवा." मलाही जायचंच होतं. दर एप्रिलमध्ये मी आठवडाभर गावी जातो आणि बावांबरोबर खाडीत उतरतो. त्यांना पंच्याहत्तर उलटून गेली. हातानं फेकायचं गोल जाळं असतं, आमच्याकडे त्याला पाग म्हणतात. ते अजून ते फेकतात, पण ओढायला आता दुसरा हात लागतो. त्यासाठी ते वर्षभर थांबतात. असं ते कधी बोलत नाहीत, पण मार्चपासून फोनवर जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांचा विषय निघायला लागतो.

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तू कोळ्याचा पोर. सांग, पहिला की दुसरा?"

आता इथं मी काय करायला हवं होतं? बहिणीचे आकडे बघायला हवे होते, तिथल्या हवेचा अंदाज बघायला हवा होता. ते सोडून मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर अरबी कॅलेंडर होतं, आणि खाडीवरच्या माणसाला अरबी तारीख दिसली की भरती-ओहोटी आपोआप कळते. चंद्र तोच. एक आणि पंधरा तारखेच्या आसपास उधाण, पाणी जोरात चढतं आणि त्याबरोबर मासा चढतो. आठ आणि बावीसला भांग, पाण्यात जीव नसतो. आमच्या गावात हे पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. पहिला आठवडा पंधरा तारखेला धरून होता. दुसऱ्यात भांग.

"पहिला घ्या," मी म्हणालो. "डोळे झाकून घ्या."

आणि वर मनात म्हटलं, बघा, चांगलं उधाण माणसानं दुसऱ्याला दिलं, स्वतः भांग घेतला. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी जाताना मुलींसाठी कुनाफा, इथली मिठाई, घेऊन गेलो. साहेबांनी पहिल्या आठवड्याचा फॉर्म भरला, मी दुसऱ्याचा. तिकिटं निघाली.

साहेबांच्या निघण्याच्या तीन दिवस आधी मी बावांना फोन केला. आपला मोठेपणा कुणाला तरी सांगायला हवाच होता.

"साहेबाला उधाण दिलंय बावा. आपल्याला यंदा भांग. चालंल ना?"

"कसलं उधाण? त्याचा समुद्र कुठला?"

"समुद्र नाय, नदी."

"खाडीजवळ हाय?"

"नाय. डोंगरात. समुद्र लय लांब."

पलीकडून मग आई काही तरी विचारत असल्याचा आवाज, आणि बावांचं तिला उत्तर, "तुझा लेक खुळावलाय." मग मला: "अरे गाढवा, डोंगरातल्या नदीला कसलं उधाण नि कसला भांग? आपल्या बावडीला भरती येते काय?"

इतकी साधी गोष्ट. पाणी म्हटलं की ते चढणार आणि उतरणार, हे माझ्या हाडात इतकं बसलेलं की नदीचं पाणी एकाच दिशेला जातं, हे डोक्यातच आलं नाही. मराठीत उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, आणि तोही उंटांच्या मुलखात.

मग मी आकडे काढून बसलो, जे आधी करायचं ते. बहिणीनं पाठवलेले: साडेआठ, आठ, सात. उतरत होते. तिथल्या हवेचा अंदाज बघितला. आठ दिवस उत्तरेचा वारा, रात्री दव गोठणार. त्यापुढं वारा दक्षिणेकडे फिरणार, ढग येणार, ऊब येणार. म्हणजे पहिल्या आठवड्यात साहेब थंडगार नदीकाठी बसून राहणार, आणि दुसऱ्यात, माझ्या आठवड्यात, कॅडिस वर येणार. साहेबांना हे वाचता आलं नसतं का? आलं असतं. पण स्क्रीनवरचे बारीक नकाशे त्यांना दिसेनासे झाले होते, आणि मी डोळे झाकून घ्या म्हटलं होतं. ते त्यांनी ऐकलं.

सकाळी मी आधी मुदीरकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "साहेबांना दुसरा आठवडा देतो," ते म्हणाले, "पण पहिल्या आठवड्यात तू जाऊ शकत नाहीस. सगळ्या डिटेक्टरांची तपासणी तुझ्या नावावर लागली आहे, तपासणारे बाहेरून येताहेत. अदलाबदल नाही होणार. तुझी रजा जाईल." पुढं शटडाउन, मग उन्हाळ्याच्या रजा, त्या आधीच वाटून झालेल्या. माझी पाळी ऑक्टोबरमध्ये. मुदीर काही वाईट माणूस नव्हे. त्यांनी विचारलं, "तुझे वडील कसे आहेत?" आणि मी "बरे आहेत" म्हणून घाईनं बाहेर पडलो.

बावांना पुन्हा फोन केला. मनात होतं की त्यांनी म्हणावं, नको, तू ये. मग मी काय केलं असतं, माहीत नाही. पण मी पुरतं सांगायच्या आधीच ते म्हणाले, "धाड त्याला. त्याची नजर जायची हाय, माझी खाडी कुठं जाते? शेजारच्याला घेईन मी ओढायला."

"बावा, पण..."

"पण नाय नि बिण नाय. तुझी चूक, तूच निस्तर."

साहेबांना सांगितलं तेव्हा आधी ते माझ्या उधाणावर मनापासून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग हसायचे थांबले. "आणि तुझे वडील?" मी म्हणालो, "ते माझं मी बघतो. तुम्ही थर्मामीटर बघा." जरा जोरातच म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काही क्षण तसाच राहू दिला. असं त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं.

पहिला आठवडा आम्ही दोघं चहाला एकत्र आकडे ऐकत बसलो. सहा. पाच. पाच. प्रत्येक पाचाला साहेब माझ्याकडे बघून मान हलवत, आणि माझा जीव भांड्यात पडे. मग सात. ते निघाले त्या सकाळी साडेआठ.

ते बहिणीकडे पोचल्याच्या चौथ्या दिवशी इथं धुळीचं वादळ उठलं होतं. दुपारची वेळ, पण आकाश हळदीच्या पाण्यासारखं झालेलं, दहा पावलांवरचा पाइप दिसत नव्हता. मी तोंडाला फडकं बांधून डिटेक्टरच्या शेडमध्ये बसलो होतो. फोन वाजला. आधी नुसता पाण्याचा आवाज. मग दूरवर एका बाईचं ओरडणं, मग साहेब.

"दहा," ते म्हणाले. "आलेत."

मी विचारलं, "दिसतायत का?"

ते म्हणाले, सरळ नदीकडे बघितलं तर काही नाही, नुसता राखाडी डाग. अर्धा तास तसेच उभे होते, बहीण ओरडत होती, बघ, बघ, आणि यांना काही दिसत नव्हतं. रडूच आलं. मग ते वैतागून तिच्याकडे वळले, तिच्या टोपीकडे बघायला लागले, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळी नदी हलताना दिसली. कॅडिसचे थवेच्या थवे. डोळ्याचा मधला भाग गेला होता, पण कोपरा अजून जिवंत होता. त्या माणसानं तासभर बहिणीच्या टोपीकडे बघत नदी बघितली. त्यांची गळाची काठी गवतावरच पडून राहिली. शेवटी उंटाच्या केसांचा किडा बहिणीनं टाकला आणि अबकैकच्या उंटाला एक ट्राउट फसला. तिनं तो सोडून दिला.

"अजून आहेत," ते म्हणाले. "माझ्या चष्म्यावर एक चालतोय." मग ते नदी ऐकवत होते आणि मी धूळ. फडक्याआड माझं नाक वाहत होतं. धुळीमुळे वाहत होतं असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

संध्याकाळी गावी फोन लावला. "दिसलं त्याला, बावा!" ते म्हणाले, "बरं झालं." मी विचारलं, खाडीचं काय? "काय सांगू तुला! शेजारच्याला नेलेला. भांग असून बोई काय, तांबोशी काय, एक जिताडा तर एवढा. तुझ्यावाचून काय अडलं नाय बघ." मला बरं वाटलं, आणि थोडं लागलंही. माणसाला आपल्यावाचून अडावं असं वाटतंच.

साहेब परत आले ते एक काडेपेटी घेऊन. आत कापसावर कॅडिसचं एक घर होतं, वाळूच्या कणांचं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, रिकामं. "तुझ्या वडिलांना," ते म्हणाले.

ऑक्टोबरात मी गावी गेलो. अंगणात बॅग ठेवली, आईनं पाणी आणलं, बावा मशिदीतून यायचे होते. पडवीत खुंटीला जाळं टांगलेलं होतं. मी सवयीनं ते खाली काढलं. मागच्या वर्षी मीच मारलेली गाठ तशीच होती, आणि घड्या उलगडेनात. दोन घड्यांच्या मध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. एक नाही, ओळीनं चार. जुनी झालेली, कडक, वरून भोकं पडलेली. पिल्लं वाढून कधीच उडून गेलेली. एप्रिलात हे जाळं पाण्यात पडलं असतं तर एक तरी घर टिकलं असतं का? मी आईकडे बघितलं. आई पाण्याचा तांब्या उचलून आत गेली.

बावा आले तेव्हा जाळं माझ्या हातातच होतं. मी सलामही नीट केला नाही. "बोई, तांबोशी, एवढा जिताडा," मी म्हणालो. "बावा, तुम्ही यंदा खाडीत पाऊल तरी टाकलंत का? शेजारच्याला नेला होतात ना?"

त्यांनी चप्पल काढली, जाळ्याकडे बघितलं, मग अंगणाकडे. "भांग होता," ते म्हणाले. "भांगात काय करायचं जाऊन?"

"मग मला खोटं का सांगितलंत?"

मी रागानं बॅगेतून काडेपेटी काढली आणि त्यांच्या हातावर दिली. साहेबांनी पाठवलंय, म्हटलं. त्यांनी पेटी उघडली, ते एवढंसं घर बोटावर घेतलं आणि अंगणातल्या उजेडाला धरलं. त्यांची नजर अजून अल्लाच्या कृपेनं उत्तम आहे, त्यांना एकेक कण दिसत असणार. किती तरी वेळ ते फिरवून बघत राहिले.

"त्याला दिसलं ना?" त्यांनी विचारलं.

"दिसलं."

"मग झालं."

त्यांनी घर परत कापसावर ठेवलं, पेटी बंद करून आईला आत ठेवायला दिली. मग माझ्या शेजारी बसून जाळ्याचं एक टोक मांडीवर ओढलं आणि नखानं माती खरवडायला लागले. मी दुसरं टोक धरलं.